आत्तीची सही मालिकेत घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही कोल्हापूरच्या, एकत्र कुटुंबात वाढलेल्या. आजोबांच्या मागं शेताच्या वाटणीची वेळ आली तेव्हा तुमच्या आत्तीनं हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला आणि त्यावरून घर फुटलं. पाच वर्षं झाली, दिवाळीचा फराळसुद्धा इकडून तिकडं जात नाही. यावर तुम्हाला मालिकेची कन्सेप्ट लिहायची आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: नावं आणि गाव बदललं की पुरतं का, आणि घरच्यांना आधी सांगावं का.

मी अठरा वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहिते, मधली काही वर्षं पटकथाही लिहिली. जन्म कोल्हापूरच्याच शिवाजी पेठेतला, पोट मुंबईच्या गोरेगावात. त्यामुळं तुमच्या घरातला आवाज मला इथं बसून ऐकू येतो.

नावं बदलून पुरत नाही. पण मला तुमची अडचण वेगळीच दिसते. तुमच्या मजकुरात आत्तीबद्दल चौदा ओळी आहेत, मी मोजल्या. ती कशी बोलली, कशी निघून गेली, आजीच्या वर्षश्राद्धाला कशी आली नाही. त्या चौदा ओळींत तिनं सही का केली नाही हे कुठंच नाही. 'आधीपासूनच हट्टी आहे' एवढंच आहे. मालिका तिथं अडणार आहे, आणि नातंही बहुतेक तिथंच अडलंय.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, खड्ड्यात पडून सांगतेय.

आमच्या घरी एक काकी आहे. ती रोज रात्री झोपण्यापूर्वी तेलाच्या काचेच्या बरणीला बाहेरून कुंकवाचं बोट लावायची, जिथवर तेल असेल तिथं. आम्ही पोरं हसायचो, काकी तेलालापण हळदीकुंकू करती म्हणून. माझ्या दुसऱ्या मालिकेत मी ते बोट उचललं. घर साताऱ्याचं केलं, काकीची थोरली जाऊ केली, नाव बदललं, वय वाढवलं. सीन असा होता की सकाळी तेल रेघेच्या खाली दिसतं आणि थोरली जाऊ धाकटीला सगळ्यांसमोर उभी करते. सीन झक्क झाला. चॅनेलनं त्या बोटावरच प्रोमो कापला, क्लोजअपमध्ये बरणी आणि लाल ठिपका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "गल्लीत सगळ्यांनी वळखलंय."

काकी काही बोलली नाही. नवरात्रात मी घरी गेले तेव्हा ती तळणीला बसली होती. कढईत तेल ओतलं, बरणी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बघ गं, बोट न्हाई आता." एवढंच. रात्री आईनं मला माडीवर नेऊन सांगितलं ते असं. काकी लग्न होऊन आली त्या वर्षी घरातलं तेल कमी भरायला लागलं. आळ तिच्यावर आला, कारण माहेर गरीब आणि भाऊ दर महिन्याला येऊन जायचा. तेव्हापासून ती रोज रात्री, आजीच्या देखत, बोट लावून झोपायला जायची. सकाळी कुणी म्हणू नये की हिनं नेलं. दुसऱ्याला पकडायला ओढलेली रेघ म्हणून मी जी लिहिली, ती बाईनं स्वतःच्या खरेपणाची साक्ष म्हणून लावली होती. आजी जाऊन किती वर्षं झाली, तरी हात रोज तिकडं जायचाच.

मी माफी मागितली. काकी म्हणाली, "त्यात काय, टीव्हीच हाय." आणि तेव्हापासून माझ्यासमोर ती कुठलीही जुनी गोष्ट सांगत नाही. मी खोलीत आले की विषय पावसापाण्यावर जातो.

आता लेखक म्हणून झालेलं नुकसान बघा. मी ती रेघ एका सीनला आणि एका प्रोमोला वापरून संपवली. खरं कारण माहीत असतं तर त्याच बरणीवर तीन महिन्यांचा ट्रॅक उभा राहिला असता: आळ, भाऊ, रोजची साक्ष, आणि एके दिवशी कुणीतरी ते बोट मुद्दाम पुसून टाकतं. प्रेक्षकांनी ती बाई डोक्यावर घेतली असती. माणसाची सवय आपल्याला फुकट दिसते, तिचं कारण मिळवायला त्याच्याजवळ बसावं लागतं. मी बसले नव्हते.

हे तुम्हाला एवढ्या तपशिलानं सांगायचं कारण मालिकेच्या हिशोबात आहे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा भाग हातात येतो. आठवड्याला सहा भाग म्हणजे १३२ मिनिटं. दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा लिहून द्यायचा, आणि मधे एखादा रविवारचा महाएपिसोड आला की झोपेचं बघायलाच नको. तुमच्या घरातलं भांडण, जसं घडलं तसं, माझ्या अंदाजानं बारा-पंधरा सीनचं आहे. वाटणीची बैठक, आत्तीचा नकार, वडिलांचा संताप, काकांची मध्यस्थी, वर्षश्राद्ध. दोन आठवड्यांत संपलं. तिसऱ्या सोमवारी काय दाखवणार? तिथं घटना कामाला येत नाहीत, माणसांची कारणं कामाला येतात. आत्ती हट्टी आहे एवढ्यावर दोन भाग जातात. तिनं सही का केली नाही याचं खरं उत्तर दीडशे भाग ओढून नेतं.

आणि एक गोष्ट नव्या लेखकांना कुणी सांगत नाही, ती मी सांगते. मालिका तुमच्या एकटीची राहत नाही. श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं असतात ती उगाच नाहीत, ती खरंच वेगवेगळी माणसं असतात. वर निर्मात्याकडची क्रिएटिव्ह टीम, चॅनेलचा ईपी म्हणजे कार्यकारी निर्माता, आणि गुरुवारी येणारा टीआरपीचा आकडा. आज तुम्ही माया लावून लिहिलेली आत्ती त्या आकड्यानुसार 'जरा ग्रे करा' म्हणून परत येते. सहा महिन्यांनी तीच आत्ती सुनेच्या दुधात गोळ्या कालवत असते, आणि ते लिहिणारे तुम्ही नसता. तुमच्या खऱ्या आत्तीला मात्र दुधातल्या गोळ्याही तुमच्याच वाटणार. म्हणून मी म्हणते, जिवंत माणूस जसाच्या तसा त्या मशीनमध्ये घालू नये. त्याला आधी इतकं बदलावं, की पुढं त्याचं काहीही केलं तरी घरातल्या माणसाला लागू नये.

बदलायचं म्हणजे काय, इथं बहुतेक जण चुकतात. नाव, गाव, वय बदलतात आणि धंदा, घराचा नकाशा, भांडणाचं कारण तसंच ठेवतात. मी उलटं करते. स्वभाव ठेवते, बाकी सगळं हलवते. अमेरिकेतल्या 'द सोप्रानोज' या मालिकेचं उदाहरण घ्या, १९९९ मध्ये एचबीओवर आली. लेखक डेव्हिड चेस यानं लिव्हिया ही आई स्वतःच्या आईवरून घेतली, हे त्यानं उघड सांगितलेलं आहे. चेसच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. मालिकेतली आई मात्र न्यूजर्सीतल्या टोळीवाल्याची आई आहे. आईचं सतत खुसपट काढणं, स्वतःला बिचारी म्हणवणं तसंच ठेवलं आणि तिला उचलून अशा घरात बसवलं जिथं त्या खुसपटातून माणसाचा जीव जाऊ शकतो. मालिका आली तेव्हा ती आई हयात नव्हती, ही सोय त्याला होती. तुम्हाला ती नाही.

तर तुमच्या आत्तीची जमीन काढून टाका. तिच्या जागी काहीही ठेवा जे भावंडांत तोडता येत नाही. गुऱ्हाळ ठेवा. सुभाषनगरकडचं चपलांचं काम ठेवा, ज्यात कातडं कापायला बाप, शिवायला पोरगा आणि वेण्या वळायला लेक बसते आणि दुकानाच्या पाटीवर नाव फक्त पोराचं असतं. मला विचाराल तर हे दुसरं जमिनीपेक्षा चांगलं आहे, कारण बाईच्या बोटांतलं कौशल्य हक्कसोडपत्रावर लिहून देता येत नाही. पेठेतल्या एखाद्या तालमीशेजारची चार खणांची खोलीपण चालेल. पेच तोच राहतो: 'तू दिल्या घरची, तुझं इथं काय?' हे वाक्य तुमच्या घरात नक्की कुणीतरी म्हटलं असणार. ते माझ्याही घरात म्हटलं गेलंय. ते कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही, म्हणून बिनधास्त वापरा.

जमीनच ठेवायची असेल तर मग कायदा चोख ठेवा. आपल्याकडं टीव्हीसमोर बसलेल्या दर दुसऱ्या माणसानं सातबारा आणि फेरफारासाठी हेलपाटे मारलेले असतात. त्याला फसवता येत नाही. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत, तोवर लग्न न झालेल्या मुलींना हक्क १९९४ लाच दिला होता, देशभरासाठी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मानंच आहे, २००५ मध्ये बाप जिवंत असायलाच हवा असं नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, घरी स्टॅम्पपेपरवर अंगठा घेऊन ते होत नाही. मालिकांत ते अजून सासऱ्याच्या खोलीत, वीज चमकत असताना होतं. खऱ्या आयुष्यात ते निबंधक कार्यालयाच्या बाकड्यावर होतं. बहिणीला भाऊ स्वतःच्या गाडीवरून आणतो, फोटो आणि अंगठा झाल्यावर समोरच्या गाड्यावर भजी खायला घालतो आणि जाताना साडी देतो. त्या साडीवर कुणीतरी मालिका लिहावी असं मला फार वर्षं वाटतंय. तुम्ही लिहिलीत तर मला काही म्हणायचं नाही.

नावं बदलून पुरतं का, या तुमच्या प्रश्नातच बदनामीचा प्रश्न आहे. मी वकील नाही, करार करताना वकिलाला दाखवाच. मला कामापुरतं जे माहीत आहे ते सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे, पूर्वीच्या दंड संहितेतलं ४९९-५०० तिथं आलं. नाव घेतलं नाही तरी ओळखीचे लोक माणूस ओळखू शकत असतील तर तक्रार होऊ शकते. गेलेल्या माणसाबद्दल लिहिलं आणि त्यानं जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवाव्यात असाच हेतू असेल तर तीही बदनामी ठरू शकते, म्हणजे आजी गेली म्हणून रान मोकळं झालं असं नाही. 'हे खरंच घडलंय' एवढ्यावर सुटका होत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. आणि सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक' ही पाटी लावली की चिलखत घातलं, या भ्रमात राहू नका. तुमच्या घरातली केस अजून कोर्टात चालू असेल तर मात्र माझा सल्ला सरळ आहे: निकाल लागेपर्यंत कागद कपाटात. समोरचा वकील तुमचीच कन्सेप्ट पुढं करून तुमच्या वडिलांना प्रश्न विचारेल.

पण खरं सांगू का, घरातले लोक कोर्टात जात नाहीत. मला अठरा वर्षांत घरातल्या कुणाची नोटीस आली नाही. लग्नपत्रिका यायच्या बंद झाल्या, त्या दोन.

आता घरच्यांना सांगायचं का. हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. तुम्ही अजून त्याच घरात राहता की वेगळ्या? वडील रागीट आहेत की आतल्या आत कुढणारे? आत्तीची मुलं तुमच्याशी बोलतात का? हे मला इथून दिसत नाही. माझी पद्धत सांगते. सगळ्या घराची परवानगी कधी मागायची नाही. ती मिळत नाही, आणि मिळाली तर त्याहून वाईट, कारण मग प्रत्येक जण संवाद सुचवायला लागतो. माझे एक चुलतमामा आहेत. त्यांच्यावर मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही, आणि त्यांचा राग त्याच गोष्टीचा आहे. सांगायचं एकाच माणसाला: ज्याला सगळ्यात जास्त लागेल त्याला. तुमच्या बाबतीत ती आत्ती आहे, वडील नव्हेत.

तिच्याकडं जाण्यापूर्वी घरी एक काम करा. वाटणीच्या बैठकीचा सीन तीनदा लिहा. एकदा वडिलांच्या बाजूनं, ते तुम्हाला सहज जमेल. एकदा आत्तीच्या बाजूनं. आणि एकदा असा, की त्यात तुमच्या काकांचं बरोबर आहे, ज्यांच्याबद्दल तुम्ही 'लोचट' हा शब्द वापरलाय. तिसरा सीन वाचून काकांबद्दल क्षणभर तरी वाईट वाटलं पाहिजे. तो जमेपर्यंत कुणाला काही पाठवू नका. मला स्वतःला काही माणसांबद्दल तो तिसरा सीन अजून जमलेला नाही, त्यामुळं ती माणसं माझ्या कुठल्याच मालिकेत नाहीत. राग हे इंधन चांगलं आहे म्हणतात. रोजच्या मालिकेला ते पुरत नाही, पहिल्या महिन्यात टाकी रिकामी.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरातून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे आणि तिच्यानं कुणी दुखावत नाही. आपल्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. मीपण घरी तसंच बोलते, लिहिताना तेवढी पुण्याची होते. एका मालिकेत मी आजीला "मी आलो गं" असं वाक्य दिलं, तर मुंबईहून पान लाल होऊन परत आलं: 'आजी स्त्री आहे, टायपो सुधारा.' दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी आजीला 'आलो' मिळालं, सुनेला 'आले'वर भागवावं लागलं. तुमची आत्ती, आजी, काकी रागावल्यावर कुठला शब्द वापरतात, कुणाला 'अगं' आणि कुणाला 'ओ' म्हणतात, दीराचं नाव न घेता त्याला हाक कशी मारतात, याची वही करा. घटना चोरली तर बोभाटा होतो. बोली घेतली तर उलट गल्ली खूश होते, 'आपल्यासारखं बोलत्यात' म्हणून.

शूटिंग इथंच करू, आमचाच वाडा आहे, असंही तुम्ही उत्साहानं लिहिलंय. नको. कोल्हापूरला कॅमेऱ्याचं नवल नाही. प्रभात कंपनी १९२९ ला इथंच उभी राहिली आणि १९३३ ला पुण्याला गेली, त्याच्याही आधी बाबूराव पेंटर इथंच चित्रपट करत होते. तरी टीव्हीचं प्रकरण वेगळं आहे. जवळच वसगड्यात एका वाड्यात मालिका झाली तेव्हा लोक गाड्या करून वाडा बघायला जायचे. तुमच्या सोप्यात अनोळखी माणसं सेल्फी काढत 'आत्ती इथंच बसली होती का' विचारायला लागली तर वडील काय करतील, विचार करा. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, वाडा तिथं उभा करता येतो.

क्रमानं सांगायचं तर आधी तीन सीन, मग आत्ती, मग धंदा आणि घर बदलून कन्सेप्टची चार पानं. ती पानं कुणालाही मेल करण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ऑनलाइन नोंदवा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मांडणीवर असतो, म्हणून पात्रं, नाती आणि पहिल्या पंचवीसेक भागांची वनलाइन, म्हणजे कुठल्या भागात काय घडतं ते थोडक्यात, जेवढी भरगच्च लिहाल तेवढं बरं. 'जमिनीवरून भांडणारं कुटुंब' एवढंच नोंदवलंत तर ते निम्म्या जिल्ह्याचं आहे.

आणि आत्तीकडं जाताना मोबाइलवर रेकॉर्डिंग लावू नका. 'सही का केली नाहीस' हा प्रश्न विचारू नका, तो तिला पाच वर्षं सगळ्यांनी विचारलाय. त्या दिवशी बैठकीला तिला आणायला कोण गेलं होतं, ती कुठं बसली होती, चहा कुणी दिला, असं विचारा. मालिकेचं लपवू नका, लिहायचं मनात आहे म्हणून सांगून टाका. नको म्हणाली तर तिच्या आयुष्यातलं काही घेऊ नका, तुमच्याकडं तेवढा 'तुझं इथं काय' चा पेच उरतो आणि चपलांचं दुकान उरतं, ते पुष्कळ आहे. बहुतेक पहिल्या खेपेला ती हो-नाही काहीच म्हणणार नाही. चहा ठेवेल आणि तुमच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करेल. बसमध्ये बसल्यावर ती चौकशी तिनं कुठल्या शब्दांत केली ते लिहून ठेवा, आणि महिनाभरानं परत जा.